रीफ टँकसाठी दिवा निवडताना: पुण्यातल्या हौशी मंडळींचे नेहमीचे प्रश्न

पहिल्यांदा रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) असलेली खाऱ्या पाण्याची टाकी, लावणारा माणूस दिव्याबद्दल जे विचारतो, ते सगळं इथे एकत्र केलं आहे. उत्तरं दोन ते चार फुटी घरगुती टाकी डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. सहा फुटी शोपीस लावणाऱ्यांचा हिशोब वेगळा असतो.

कोरलला खास दिवा लागतोच कशाला? मासे तर साध्या ट्यूबलाइटखालीही मजेत असतात.

माशाला दिसण्यापुरता उजेड पुरतो. कोरल हा प्राणीच असला तरी त्याच्या पेशींत झूझँथेली नावाचं एकपेशीय शैवाल मुक्कामाला असतं. हे शैवाल प्रकाशसंश्लेषण करतं आणि तयार झालेल्या अन्नाचा मोठा वाटा यजमानाला देतं. त्याबदल्यात त्याला आसरा, कार्बन डायऑक्साइड आणि कोरलच्या टाकाऊ पदार्थांतला नायट्रोजन मिळतो. त्यामुळे आपण दिवा निवडतो तेव्हा खरं तर कोरलच्या जेवणाची सोय करत असतो.

सन कोरलसारखी काही जात प्रकाशावर जगत नाही. ‘मग तीच ठेवतो, दिव्याचा खर्च वाचेल’ असं बरेच जण म्हणतात. पण तिला एकेक पॉलिप (कोरलचा तोंड असलेला छोटा घटक) करून हाताने भरवावं लागतं, आणि त्या खाण्याने पाणी बिघडतं ते वेगळंच.

आधी दिवा घ्यायचा की आधी कोरल ठरवायचं?

आधी कोरल ठरवा. आणि कोरल ठरवताना आधी कायदा बघा, कारण आपल्याकडे दिव्याची निवड तिथूनच सुरू होते.

दगडी सांगाडा बांधणारी सगळी कोरल, म्हणजे दुकानात ज्यांना एलपीएस (मोठ्या पॉलिपची) आणि एसपीएस (छोट्या पॉलिपची) म्हणतात ती हॅमर, टॉर्च, ब्रेन, ॲक्रोपोरा वगैरे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. २००१ साली त्यांचा त्यात समावेश झाला. काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि समुद्रपंखेही त्याच यादीत आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे तीच ही. त्यामुळे ‘इंडियन पीस आहे, स्वस्तात देतो’ असं कुणी सांगितलं तर तिथून निघून यावं. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथून किंवा कोकणातल्या कुठल्याही किनाऱ्यावरून आठवण म्हणून उचललेला प्रवाळाचा तुकडासुद्धा याच कायद्यात बसतो. परदेशातून आलेल्या दगडी कोरलना साइट्स, म्हणजे धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, लागू आहे. विक्रेत्याकडे आयातीची कागदपत्रं नसतील तर बोलणंच पुढे नेऊ नका, आणि असली तरी पैसे देण्याआधी वनविभागात विचारा.

राहिली ती मऊ कोरल: मश्रूम, झोआ, लेदर, झेनिया, केनिया ट्री. ही वरच्या यादीत नाहीत. तरी बिल आणि कागद त्यांचेही मागावेत. माझ्या मते पुण्यातल्या नवशिक्याने याच मंडळींची टाकी लावावी. रंग भरपूर, हालचाल सुंदर, आणि प्रकाशाची गरज ॲक्रोपोरासारख्या कोरलच्या निम्मीसुद्धा नाही. अमेरिकन व्हिडिओ बघून लोक ॲक्रोपोरासाठी बनवलेला दिवा आणतात, त्याखाली मश्रूम ठेवतात आणि महिन्याभरात ते पांढरे पडले की पाण्याला दोष देतात. तुमच्या टाकीत जे राहणार आहे त्याच्यापुरता दिवा घ्या. पैसेही बरेच वाचतील.

पॅर म्हणजे काय? मला किती पॅर लागेल?

प्रकाशसंश्लेषणाला ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश कामी येतो. त्यातले किती फोटॉन दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात, ते पॅर सांगतो. एकक मायक्रोमोल, पण बोलताना कुणी ते म्हणत नाही. नुसतं ‘इथे शंभर पॅर आहे’ म्हणतात. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर साधारण २००० पॅर असतो, आणि खाली जाल तसा तो झपाट्याने घटतो.

टाकीसाठीचे ढोबळ आकडे असे. मश्रूमना ३० ते ७५. झोआ, लेदर, झेनियाला ७५ ते १५०. दगडी कोरलचे आकडे व्हिडिओतली चर्चा समजावी एवढ्यासाठीच देतो: एलपीएसला ८० ते १५०, एसपीएसला २०० ते ३५०. हे आकडे कोरल जिथे बसलं आहे तिथले असतात, पाण्याच्या पृष्ठभागावरचे नाहीत. एकाच टाकीत दिव्याच्या बरोबर खाली, दगडाच्या माथ्यावर १५० आणि कोपऱ्यातल्या वाळूवर ४० असं सहज असतं. हा फरक आपल्या फायद्याचाच आहे. झोआ वर, लेदर मध्ये, मश्रूम दगडाच्या सावलीत, अशी जागा लावता येते.

‘एका गॅलनला इतके वॅट’ हा नियम ट्यूबलाइटच्या जमान्यातला. एलईडीला तो लावू नका. वॅट म्हणजे वीज किती खाल्ली ते. त्यातला किती प्रकाश पाण्यात उतरला हे चिप, लेन्स आणि उंचीवर ठरतं.

मोबाइलच्या लक्स ॲपने मोजलं तर चालेल का?

पॅर म्हणून नाही चालणार. लक्स हे माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेलं माप आहे. आपल्या डोळ्याला हिरवट पिवळा प्रकाश सर्वांत तेजस्वी वाटतो. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला लक्सच्या हिशोबात त्याच्या जेमतेम ४ टक्के वजन मिळतं, आणि रीफ टँकचा दिवा बहुतांश त्याच निळ्यात जळत असतो. म्हणजे ॲप अगदी कमी आकडा दाखवेल, तुम्ही दिवा वाढवाल आणि कोरल भाजेल. ॲपचा एक उपयोग मात्र आहे: दिवा तोच, सेटिंग तेच, जागा तीच ठेवून दर दोन महिन्यांनी आकडा लिहून ठेवा. उतरत गेला तर दिवा किंवा त्याची काच मळली आहे.

खरा पॅर मीटर महाग असतो आणि वर्षातून दोनदाच लागतो. चार-पाच जणांत मिळून एक घ्या, किंवा ज्याच्याकडे आहे त्याला चहाला बोलवा. घेणार असाल तर पाण्याखालच्या एलईडीसाठी बनवलेला घ्या, उदाहरणार्थ अपोजीचा एमक्यू-५१०. जुन्या पद्धतीच्या सेन्सरना निळा कमी दिसतो.

मीटर मिळालाच नाही तर दिव्याच्या कंपनीने दिलेला पॅरचा नकाशा बघा. त्यातली उंची आणि पाण्याची खोली तुमच्या टाकीशी जुळते का ते आधी तपासा. काही कंपन्या हवेतलेच आकडे छापतात.

सगळ्यांच्या टाक्या एवढ्या निळ्या का असतात? पांढरा दिवा का नको?

समुद्राचं पाणी लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच शोषून घेतं. निळा खोलवर जातो. झूझँथेलीची रंगद्रव्यंही निळ्या पट्ट्यात प्रकाश चांगला पकडतात. हे झालं शास्त्र. दुसरं कारण सरळ शोभेचं आहे: कोरलमधली चमकणारी प्रथिनं निळा प्रकाश घेऊन हिरवा, केशरी, लाल बाहेर टाकतात. हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचा मूळ शोध जेलीफिशमध्ये लागला आणि त्यावरच्या कामाला २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. टाकीतल्या झोआची झगमग त्याच कुळातल्या प्रथिनांची.

निव्वळ पांढऱ्या ६५०० केल्विनखालीही (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचं माप, आकडा मोठा तसा प्रकाश निळा) कोरल वाढतात. फक्त तपकिरी दिसतात. निव्वळ निळ्याखाली रंग पेटतात, पण मासे विचित्र दिसतात आणि घरातले लोक ‘डान्स बार केलाय का हॉलचा’ असं विचारतात. मधला मार्ग म्हणजे १४,००० ते २०,००० केल्विनचा भास होईल असं मिश्रण: निळा आणि रॉयल ब्ल्यू जोरात, पांढरा त्याच्या चौथाई-तिहाई, लाल आणि हिरवा अगदी नावाला. जांभळ्या चिप असलेला दिवा असेल तर त्याकडे टक लावून बघू नका. दिसायला मंद वाटतो, डोळ्यावर जातो.

एलईडी, टी-फाइव्ह, मेटल हॅलाइड: पुण्यात काय घ्यावं?

एलईडी. मेटल हॅलाइडची, म्हणजे जुन्या, फार तापणाऱ्या वायुदिव्याची, पाण्यातली ती हलणारी चकाकी अजून कुणाला जमलेली नाही हे मान्य, पण २५० वॅटची ती भट्टी मे महिन्यात पुण्याच्या फ्लॅटमध्ये टाकीवर टांगायची म्हणजे पाणी थंड करणारा चिलर ओघानेच आला. टी-फाइव्हचा, म्हणजे बारीक ट्यूबलाइटचा, प्रकाश सगळीकडे सारखा पडतो, सावल्या मऊ पडतात, मऊ कोरलना तो फार मानवतो. पण त्याच्या ट्यूब ९ ते १२ महिन्यांनी बदलाव्या लागतात, आणि रीफसाठीच्या निळ्या ट्यूब इथे मिळणं दिवसेंदिवस अवघड होत चाललं आहे. आधीच फिक्स्चर असेल आणि ट्यूबचा साठा असेल तर वापरा. नव्याने घेऊ नका.

एलईडीमध्ये एआय (ॲक्वा इल्युमिनेशन), इकोटेक, केसिल अशी महागडी नावं आहेत आणि चिनी काळ्या पेट्या आहेत. काळ्या पेटीवर १६५ वॅट लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात ती त्याहून बरीच कमी वीज खेचते, तरीही मऊ कोरलच्या दोन फुटी टाकीसाठी तो प्रकाश जास्तच होतो. डिमर खाली ठेवून तिच्यावर उत्तम टाकी चालते. महागड्या दिव्यात तुम्हाला हळूहळू उगवणारा-मावळणारा प्रकाश, ॲप, शांत पंखा आणि रंगांचं चांगलं मिश्रण मिळतं. कोरलपेक्षा ही चैन जास्त आपल्या सोयीची.

२४ बाय १८ बाय १८ इंचांच्या टाकीला एक दिवा पुरेल का? किती उंचीवर टांगू?

मऊ कोरलसाठी ५० ते ८० वॅटचा एक चांगला रीफ एलईडी पुरेल. पाण्यापासून ८ ते १२ इंच वर. खाली आणाल तर मध्ये झोत आणि कोपऱ्यात अंधार. फार वर न्याल तर प्रकाश टाकीबाहेर हॉलमध्ये सांडतो आणि सोफ्यावर बसलेल्याच्या डोळ्यात जातो.

तीन फुटांच्या पुढे मात्र एका मोठ्या दिव्याऐवजी दोन लहान घ्या. दोन बाजूंनी प्रकाश आला की दगडांच्या सावल्या कमी होतात, आणि एक बिघडला तरी दुरुस्ती होईपर्यंत दुसऱ्यावर भागतं. आयात केलेल्या दिव्याचा सुटा भाग यायला वेळ लागतो.

रोज किती तास लावायचा?

आठ ते दहा तास. त्यात पूर्ण जोर चार ते सहा तास, बाकी चढता-उतरता. १०० पॅर आठ तास आणि ८० पॅर दहा तास, दोन्हींचा दिवसाचा एकूण डोस सारखाच येतो. त्यामुळे मला टाकी जास्त वेळ बघायची असेल तर मी जोर कमी करून तास वाढवेन.

सकाळी सहाला लावायला पाहिजे असं काही नाही. हिंजवडीहून रात्री आठला घरी येणाऱ्याने दुपारी दीड ते साडेदहा अशी वेळ ठेवावी. फक्त रोज तीच ठेवा, टायमरवर. हाताने लावणार म्हणणारे पहिल्या लग्नसराईत चुकतात. रात्रीचा ‘मूनलाइट’ कोरलच्या पोषणाला लागत नाही. लावलात तर एक-दोन टक्क्यांवर, आणि काही तास पूर्ण काळोख राहू द्या.

नवीन कोरल आणलं की लगेच आवडत्या जागी ठेवू का?

नको. दुकानातल्या टाकीत बहुधा उजेड कमी असतो. कोरलच्या आतलं शैवाल आपली रंगद्रव्यं मिळणाऱ्या प्रकाशाप्रमाणे जुळवून घेतं आणि त्याला काही आठवडे लागतात. एकदम झोतात ठेवलं तर त्याची यंत्रणा झेपेल त्यापेक्षा जास्त ऊर्जा पकडते, पेशींना घातक ऑक्सिजन तयार होतो आणि कोरल त्या शैवालाला बाहेर काढून टाकतं. पांढरं पडणं ते हेच.

म्हणून आधी खाली वाळूवर, मग दर आठवड्याला थोडं वर. नवा दिवा बसवला असेल तर ३०-४० टक्क्यांवर सुरू करून तीन-चार आठवड्यांत वर न्या. पुष्कळ दिव्यांत यासाठी ॲक्लिमेशन मोड असतोच, तो वापरा.

जास्त झाल्याची लक्षणं: वरचा भाग फिकट पडतो, झोआ भर प्रकाशात मिटलेले राहतात, मश्रूम आक्रसतात किंवा सुटून सावलीकडे निघून जातात. कमी झाल्याची: रंग तपकिरी होतो, झोआचे देठ दिव्याच्या दिशेने लांबत जातात. लेदर कोरल मात्र यात फसवतं. ते अधूनमधून काही दिवस मिटून बसतं, अंगावर मेणासारखी साय धरतं आणि ती टाकून पुन्हा फुलतं. त्याच्यासाठी दिव्याला हात लावू नका, पाण्याचा प्रवाह थोडा वाढवा.

शंका आली की कोरल हलवा, दिवा नको. दिवा बदललात की टाकीतल्या प्रत्येकाचा हिशोब बदलतो. आणि झोआ हलवताना हातमोजे घाला. काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं.

बाल्कनीत छान ऊन येतं. तेच वापरलं तर?

थेट ऊन नको. पाणी तापतं, काचेवर शैवाल चढतं आणि ऋतूप्रमाणे कोन बदलला की डिसेंबरमध्ये टाकीत थेट किरण आणि जुलैमध्ये नुसती पावसाळी अंधारी. त्यावर काहीच ताबा राहत नाही.

एप्रिल-मेमध्ये दिव्यामुळे टाकी तापते का? काय करू?

एलईडीची उष्णता मुख्यतः वर, हीटसिंकमधून (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांतून) खोलीत जाते. पाणी तापवण्यात बंद खोलीची हवा आणि पंप यांचाच हात जास्त. पाणी २५ ते २७ अंशांत ठेवायचं असतं. पुण्यात पारा ४० कडे सरकला की बंद फ्लॅटमधली टाकी ३० ओलांडते.

चिलरच्या आधी साधा पंखा करून बघा. एक लिटर पाणी उडून जाताना जवळजवळ पाऊण युनिट विजेइतकी उष्णता सोबत घेऊन जातं. ६० वॅटचा दिवा नऊ तासांत अर्ध्या युनिटच्या आसपास उष्णता सोडतो, म्हणजे लिटरभर पाण्याच्या वाफेत त्याचा निकाल लागतो. आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळे पंख्याने दोन-तीन अंश उतरतात. मुंबईकराला हे सुख नाही. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं आरओ पाणी घालायचं, खारं नाही, नाहीतर क्षारता चढत जाते.

दुसरी गोष्ट फार कमी जण करतात. कोरलला उष्णता आणि तीव्र प्रकाश एकत्र आले की सर्वांत जास्त त्रास होतो, समुद्रातली प्रवाळं पांढरी पडतात तीही या जोडीमुळेच. म्हणून तापलेल्या आठवड्यात दिव्याचा जोर दहा-वीस टक्के उतरवा आणि वेळ पुढे ढकला, संध्याकाळी चार ते रात्री बारा अशी. पहिला पाऊस झाला की हळूहळू मूळ जागी आणा.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तर दिवा इन्व्हर्टरवर घ्यावा का?

नको. इन्व्हर्टरवर वेव्ह पंप किंवा हवेचा पंप घ्या. कोरल एखादा दिवस अंधारात काढतं, पण प्रवाह थांबून ऑक्सिजन संपला तर मासे काही तासांत जातात. दुरुस्तीसाठी गुरुवारी दुपारभर वीज नसली तर वाया गेलेले तास रात्री भरून काढायची गरज नाही. टायमर मात्र बॅटरी बॅकअपवाला घ्या, नाहीतर वीज आल्यावर त्याचं घड्याळ भलत्याच वेळी चालू लागतं.

बिल किती वाढेल?

६० वॅट, नऊ तास, महिन्याला साधारण १६ युनिट. दिव्याने बिल फुगत नाही. चिलर आणि हिवाळ्यातला हीटर फुगवतात. महावितरणचा दर १०० आणि ३०० युनिटच्या टप्प्यांवर चढतो, तेव्हा तुमचं घर आधीच टप्प्याच्या काठावर आहे का ते जुन्या बिलात बघा.

तपकीर गल्लीतून सामान आणून घरीच दिवा बनवला तर?

सोल्डरिंग येत असेल तर जरूर. हीटसिंक, ड्रायव्हर, पंखे, वायर सगळं त्या गल्ल्यांत मिळतं. अडतं ते चिपवर. शोभेच्या माळांमधला निळा वेगळा आणि ४५० नॅनोमीटरचा रॉयल ब्ल्यू वेगळा. तो तरंगलांबी छापलेल्या पाकिटातूनच घ्या. बाहेरच्या भिंतीवर लावतात तो पांढरा फ्लडलाइट आणून टाकीवर टांगू नका.

पाण्यावर टांगायचं असल्याने आयसोलेटेड, कमी व्होल्टेजचा पुरवठा वापरा आणि खाली ॲक्रिलिकची शीट लावा. तयार दिवा असो की घरचा, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता जमिनीवर पडेल. खाऱ्या पाण्यातून वीज गोड्यापेक्षा फार सहज वाहते.

दिवा लावल्यापासून शैवाल माजलं आहे. दिवा कमी करू?

आधी नायट्रेट आणि फॉस्फेट मोजा. दिवा शैवालाला जोर देतो, पण खाऊ घालणारे ते दोघे. टाकी नुकतीच लावली असेल आणि सायकल (पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू टाकीत रुजण्याचा काळ) चालू असेल तर दिवा लावायचं कारणच नाही, कोरल येईपर्यंत बंद ठेवा.

उलट बाजूही लक्षात असू द्या. दगडी कोरल ठेवणाऱ्यांनी प्रकाश वाढवला की सांगाडा वेगाने बनतो आणि पाण्यातली अल्कलिनिटी, कॅल्शियम भराभर उतरतं. मऊ कोरलवाल्यांना ही कटकट फारशी नसते.

फोटोत सगळं निळंच येतं, उपाय?

मोबाइलच्या लेन्ससमोर केशरी फिल्टर धरा, किंवा फोटोपुरता पांढरा चॅनल वाढवा. विकायला ठेवलेल्या कोरलचा फोटो निव्वळ निळ्याखाली काढलेला असेल तर पांढऱ्याखालचाही मागून घ्या.

देखभाल काय?

दर आठवड्याला दिवा बंद करून, थंड झाल्यावर, खालची काच आरओ पाण्याने ओल्या केलेल्या कापडाने पुसा. उडालेल्या थेंबांचं मीठ साचून प्रकाश इतक्या सावकाश घटतो की रोज बघणाऱ्याला कळत नाही. खूप दिवसांनी पुसली असेल तर त्या आठवड्यात दिवा थोडा मंद ठेवा, कारण कोरलच्या दृष्टीने तो एकदम वाढलेला असतो. पंख्यातली धूळ महिन्याकाठी ब्रशने काढा. पंखा कुरकुरायला लागला तर तो बंद पडायच्या आत बदला, हीटसिंक तापला की चिपचं आयुष्य घटतं.